कीबोर्डवाला गेला, आता गिटारला सिंथ पेडल लावू का?

तारेवरचा_फोंडेकर

नमस्कार मंडळी. आमचा फोंड्यातला छोटा बँड आहे. लग्नं, साखरपुडे, चवथीतले कार्यक्रम, मधूनच किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकमध्ये शनिवारची संध्याकाळ, असं चालतं. आमचा कीबोर्डवाला नोकरीसाठी आखातात गेला आणि सगळे स्ट्रिंग्ज, पॅड (मागे धरून ठेवलेले लांब, मऊ सूर), ऑर्गन सोबत घेऊन गेला. दुसरा शोधतोय, पण जो बरा वाजवतो तो तियात्राच्या (कोकणी नाटकाच्या) सीझनमध्ये हाती लागत नाही आणि जो हाती लागतो त्याचं न बोललेलंच बरं.

आमच्या बेसवाल्याने डोक्यात भरवलंय की गिटारलाच सिंथ पेडल (गिटारमधून सिंथेसायझरसारखे आवाज काढणारी, पायाशी ठेवायची पेटी) लाव, पॅड तूच वाजव. मडगावातल्या एका मित्राचं पेडल दोन दिवस आणून वाजवून पाहिलं. एकेक सूर वाजवला तर फारच गोड. जी मेजरचा साधा सहा तारांचा कॉर्ड छेडला की नुसता कल्लोळ. शिवाय जाड तारेवर सूर किंचित मागून येतो असं वाटतं. हा माझ्या कानांचा खेळ आहे, पेडलचा दोष आहे की सगळ्यांचंच असं होतं? आणि मुळात ही पेटी आत करते तरी काय? बजेट वीस हजारांच्या आसपास. गिटार साधी, दोन हमबकर पिकअपवाली.

उसळ_पाव

चौघांतला एक गेला. बिदागी आता तिघांत वाटायची. पेडलचे पैसे आपोआप सुटले की हो! अभिनंदन.

मांडवीपार

कानांचा खेळ नाही. सविस्तर लिहितो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही, खोक्यावरचे रंग दाखवतात.

'सिंथ पेडल' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या जातीची यंत्रं विकली जातात.

पहिली जात तुमच्या तारेचाच आवाज घेऊन त्याला घडवते. सूर कुठला आहे हे तिला कळत नाही आणि कळायची गरजही नाही. गिटारची लहर घेऊन ती ठोकून चौकोनी करायची, तिची वारंवारता निम्मी करून खालचा सप्तक काढायचा, मग हे सगळं फिल्टरमधून सोडायचं. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं मायक्रो सिंथेसायझर हे या जातीचं जुनं, १९७०च्या दशकातलं उदाहरण. या जातीला एका वेळी एकच सूर द्यायचा. दोन तारा एकत्र आल्या की चौकोनी लहरींची आपसात मारामारी होते.

दुसरी जात डिजिटल. ती सगळ्या तारांचा एकत्र आवाज ऐकते, त्यातलं काय कुठे आहे ते गणिताने वेगळं करते आणि त्यावरून नवा आवाज उभा करते. बॉसचं एसवाय-१, इलेक्ट्रो-हार्मोनिक्सची 'नऊ'वाली भावंडं (बी-९, मेल-९, सिंथ-९) यातली. यांच्यावर कॉर्ड चालतात, वेगळा पिकअप (तारांची थरथर पकडून तिचा विजेचा सिग्नल करणारा भाग) लागत नाही.

तिसरी जात प्रत्येक तार वेगळी ऐकते. त्यासाठी ब्रिजच्या अगदी जवळ सहा तारांचा सहा कप्प्यांचा पिकअप बसवावा लागतो. रोलँडने १९७७ साली जीआर-५०० आणलं ते याच रस्त्याने. पुढे जीआर-३०० आलं, ज्याचा आवाज जॅझ गिटारवादक पॅट मेथेनीच्या नावाशी कायमचा जोडला गेला. नंतरच्या पिढ्यांत १३ पिनांची जाड केबल आली. महाग प्रकरण आहे, बजेटमध्ये बसणार नाही, तेव्हा सोडून द्या.

आता सूर मागून येण्याबद्दल. गिटारची जाड ई तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते. म्हणजे एक फेरी पुरी व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. जे यंत्र सूर 'ओळखून' मग नवा आवाज काढतं, त्याला निदान एखादी फेरी तरी बघावी लागणारच. कितीही महाग प्रोसेसर घाला, तार थरथरायच्या आधी तिचा सूर कोणालाच कळत नाही. बारीक ई तार ३३० वेळा थरथरते, तिथे एक फेरी तीन मिलिसेकंदांत संपते, म्हणून वरच्या तारांवर उशीर जाणवत नाही. तुलनेसाठी, आवाज हवेतून एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे जाड तारेचा तो उशीर म्हणजे ॲम्पपासून चार मीटर लांब उभं राहण्याइतका. मंडपात तुम्ही तसे उभे राहताच की.

जुना_व्हॉल्व्ह

मांडवीपार बाब, माहिती उत्तम. पण मूळ प्रश्नावर माझं मत उलट. गिटारने गिटार वाजवावी. तीस वर्षं गोव्यातल्या बँडांत बघतोय, दर काही वर्षांनी नवं खेळणं येतं. आधी वा-वा, मग कोरस, मग ते सगळं एकत्र कोंबलेले मल्टी-इफेक्टचे डबे. आणि शेवटी लग्नात लोक नाचतात ते ठेक्यावर आणि गळ्यावर. पॅड गेला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन गिटारी नीट वाजवा, बेस ठणठणीत ठेवा. आमच्या काळी तर कीबोर्ड नसेच.

ओहमचा_नियम

काका, तुमच्या काळी कीबोर्ड नसे पण ट्रम्पेट, सॅक्स, व्हायोलिनवाले रांगेने असत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांसारखे आपले लोक मुंबईच्या स्टुडिओंत जाऊन अख्खे वाद्यवृंद उभे करत होते. भरीव आवाज लोकांना तेव्हाही हवा होता, तो देणारी माणसं होती, एवढाच फरक.

आणि खेळण्यांबद्दल: हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथ आणला केर्सी लॉर्डनी, तेव्हाही असंच बोलले असतील लोक. चरणजित सिंग तर मूळचे गिटारवालेच. त्यांनी १९८२मध्ये रोलँडच्या टीबी-३०३ (बेस) आणि टीआर-८०८ (ड्रम) या यंत्रांवर राग वाजवले, आणि वीसेक वर्षांनी बाहेरच्या जगाला शोध लागला की अरे, हे तर ॲसिड हाउसच्या (नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका प्रकाराच्या) आधीचं आहे. गिटारवाल्याने सिंथला हात लावू नये हा नियम कोणी केला?

जुना_व्हॉल्व्ह

नियम नाही रे बाबा, मत आहे. मत ठेवायला अजून तरी जीएसटी नाही.

माटोळीतलं_नीरफणस

गैरसमज नको, पण एक बाळबोध प्रश्न. फिल्टर, एन्व्हलप, एलएफओ असं सगळे बोलतात. मी डिचोलीच्या आरती मंडळात घुमट (चामडं ताणलेलं मातीचं मडक्यासारखं वाद्य) वाजवतो, गिटार आता आता शिकतोय. हे शब्द कोणी मराठीत, मारामारी न करता समजावेल का?

मांडवीपार

तुम्ही घुमट वाजवता, मग तुम्हाला निम्मं आधीच येतं. उजव्या हाताने चामड्यावर थाप मारता आणि डावा तळवा मागच्या लहान तोंडावर झाकता-उघडता. थाप तीच, पण आवाज 'घुम्' होतो की 'घंव' होतो ते डावा हात ठरवतो. सिंथमधला फिल्टर म्हणजे तो डावा हात. कटऑफचं बटण म्हणजे तोंड किती उघडं. रेझोनन्स वाढवला की त्या कडेवरचा स्वर टोचायला लागतो, तोच तो 'वॉव' आवाज.

आता तो डावा हात कोण हलवणार, हा प्रश्न. तुमच्या थापेच्या जोराने तो हलत असेल तर एन्व्हलप. जोरात मारलंत तर जास्त उघडलं, हळू मारलंत तर कमी. आणि थापेशी संबंध न ठेवता तो आपला आपण ठरावीक गतीने झाक-उघड करत बसला तर एलएफओ. एवढंच आहे. बाकी सगळे नावांचे फुगे.

माटोळीतलं_नीरफणस

_/\_ देव बरें करूं. पहिल्यांदा कळलं.

अवांतर: मग घुमटालाच पिकअप चिकटवून या पेडलमध्ये घातलं तर?

उसळ_पाव

झालं. २०१९ला सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं, आणि आता हे त्याला एसवाय-१ लावणार. आधी घोरपडीचं कातडं गेलं, बकऱ्याचं आलं, आता सिलिकॉन.

ओहमचा_नियम

अवांतराला अवांतर उत्तर: करून बघण्यासारखं आहे. पिएझो चकती (थरथर पकडणारा चिकटवायचा पिकअप) मडक्याच्या बाहेरून चिकटवा, चामड्यावर नको. सूर ओळखणारी पेडलं थापेवर गोंधळतील, कारण थापेत धड एक सूर नसतो. पण ज्यांना फक्त जोर कळतो, म्हणजे एन्व्हलप फिल्टर, ती घुमटावर छान चालतील. पिएझो आणि पेडलच्या मध्ये एक बफर (सिग्नल कमजोर होऊ न देणारं छोटं सर्किट) लागेल, नाहीतर खालचा सगळा गंभीर आवाज गळून जाईल आणि नुसती टकटक उरेल.

आणि हे आरतीच्या वेळी करू नका. मखरासमोर आजोबा बसलेले असतात.

सां_पेद्रूची_सायकल

मी भजनात गिटार वाजवतो (हो, वाजवतात, नाकं मुरडू नका). आमच्याकडे पेटीवाला नसला की मी बी-९ लावून ऑर्गनचा आवाज काढतो. लोकांना वाटतं मागे कोणी पेटी घेऊन बसलंय. फोंडेकरांना हेच सुचवीन. संगीत नाटकातलं पद असेल तर अगदी जुन्या ऑर्गनचा माहोल होतो.

पडद्यामागचा

थोडी दुरुस्ती करतो, राग नसावा. संगीत नाटकातला ऑर्गन हा रीडचा, पायाने भाता मारायचा. तो हवा आत ओढतो, पेटी हवा बाहेर ढकलते, म्हणून ऑर्गनचा सूर पेटीपेक्षा गोल आणि शांत येतो. बी-९ ज्याची नक्कल करतं तो हॅमंड ऑर्गन, १९३५ साली आलेला. त्यात हवाही नाही आणि रीडही नाही, दातेरी चाकं चुंबकापुढे फिरतात. वर फिरता लेस्ली स्पीकर. तो आवाज चर्चचा किंवा जॅझचा वाटेल, मंगेशीच्या दीनानाथांच्या परंपरेतल्या नाट्यगीताचा नाही.

रीड ऑर्गनच्या जवळ जायचं असेल तर लेस्लीची घरघर शून्यावर आणा, क्लिक कमी करा, आणि पेडलच्या मागे थोडा टोन कापा. मी राजीव गांधी कला मंदिरात एका हौशी प्रयोगाला असं केलंय. पहिल्या रांगेतल्या जाणकारांनी ओळखलं. बाकीच्यांनी नाही.

सां_पेद्रूची_सायकल

मान्य. आमच्या भजनात पहिली रांग झोपलेली असते, त्यामुळे निभावतं.

तारेवरचा_फोंडेकर

धागा घुमटावरून ऑर्गनवर आणि ऑर्गनवरून झोपेवर गेला, मजा येतेय. पण कॉर्डचा कल्लोळ तसाच आहे हो. मित्राचं पेडल दुसऱ्या जातीतलं आहे, म्हणजे त्यावर कॉर्ड चालायला हवेत. मग?

रियाज_रविवारी

चालतात, पण गिटारचे कॉर्ड चालत नाहीत, कीबोर्डचे चालतात. तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये 'सहा तारांचा कॉर्ड छेडला' हे शब्द आहेत, तिथेच सगळं आहे.

कीबोर्डवाला पॅड वाजवताना सहा सूर दाबत नाही. तीन दाबतो, फार तर चार, आणि एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना जे बोट हलवायची गरज नाही ते हलवत नाही. उघड्या जी कॉर्डमध्ये 'जी' तीनदा येतो, 'बी' आणि 'डी' असतातच, वर प्रत्येकाचे उपस्वर. पेडलने त्या सगळ्यांवर सिंथचा थर चढवला की चिखल होणारच.

हे करून बघा. चौथी, तिसरी, दुसरी, एवढ्या तीनच तारा. जी साठी पट्ट्या (फ्रेट) ५-४-३. सी साठी ५-५-५. म्हणजे चौथ्या तारेवरचं बोट तिथेच राहिलं, बाकीची दोन सरकली. डी साठी ४-२-३. दुसऱ्या तारेवरचा सूर जी आणि डी मध्ये एकच आहे, ते बोट शक्यतो दाबूनच ठेवा. पिक नको, अंगठा आणि दोन बोटांनी तिन्ही तारा एकाच क्षणी उचला, झारा मारल्यासारखा हात फिरवू नका. उरलेल्या तारा तळहाताच्या कडेने आणि डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी दाबून गप्प ठेवा. एखादी मोकळी तार नुसती गुणगुणली तरी पेडल तिला सूर समजून गायला लागतं. ते भुतासारखे मधूनच येणारे आवाज बहुतेक यातूनच येतात, आणि लोक पेडल परत करायला दुकानात जातात.

पिकअप मानेकडचा घ्या, गिटारचा टोन थोडा खाली करा. मूळ सूर ठळक होतो, उपस्वर दबतात, पेडलला ओळखायला सोपं जातं. आणि कॉर्ड बदलताना क्षणभर पूर्ण थांबा. गिटारवाल्यांना ती पोकळी भरायची सवय असते, ती मोडायला वेळ लागतो. मला तरी पेडल समजायला जितका वेळ लागला त्याच्या कितीतरी पट हात सुधारायला लागला.

तारेवरचा_फोंडेकर

५-४-३ आणि ५-५-५ आत्ताच वाजवलं. बायको आतून विचारतेय, 'कोण आलंय?' फरक पडतोय म्हणायचा.

जुना_व्हॉल्व्ह

हे रियाजवाल्यांनी लिहिलेलं पेडलशिवायही खरं आहे. माझा मुद्दा तोच होता, फक्त मला इतकं नीट लिहिता आलं नसतं.

ओहमचा_नियम

आता जोडणीचं, कारण यावर कोणी बोललं नाही.

सूर ओळखणारं पेडल साखळीत सगळ्यात पुढे, गिटारच्या लगेच नंतर. ओव्हरड्राइव्ह, डिले, रिव्हर्ब सगळं त्याच्या मागे. डिलेचे प्रतिध्वनी आधी दिलेत तर बिचाऱ्याला कळणारच नाही की कुठला सूर आत्ताचा. घडवणाऱ्या जातीचा हिशेब उलटा आहे: एन्व्हलप फिल्टरच्या आधी फझ (आवाज फाटका करणारं पेडल) लावलात तर जास्त मजा, कारण स्वच्छ गिटारमध्ये वरचे उपस्वर फार थोडे, फिल्टरला कापायला काहीतरी हवं ना. ऑक्टेव्ह, मग फझ, मग फिल्टर. तीन स्वस्त पेडलांत बेस-सिंथसारखा गुरगुराट मिळतो. मात्र फिल्टरच्या आधी कॉम्प्रेसर नको, जोर-हलकं सगळं सपाट होतं आणि एन्व्हलपला हलायला कारणच उरत नाही.

दुसरं म्हणजे गिटार ॲम्प. त्याचा बारा इंची स्पीकर पाचेक हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. गिटारला ते बरं, पण स्ट्रिंग्ज आणि घंटेसारखे आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखे येतात. डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणाऱ्या डबीतून) सरळ मिक्सरला द्या, मॉनिटरमध्ये स्वतःला ऐका.

तिसरं, वीज. डिजिटल पेडल शंभर मिलिअँपिअरच्या आसपास किंवा जास्त मागतात. एका अडॅप्टरवरून पाच पेडलांना माळ घातली की पॅडच्या मागे बारीक शिट्टी येते. वेगवेगळे आउटपुट असलेला पुरवठा घ्या, नाहीतर निदान डिजिटलवाल्याला स्वतंत्र अडॅप्टर. ध्रुव तपासा, बहुतेकांना मध्ये ऋण लागतो, पण 'बहुतेक' म्हणजे सगळे नव्हे.

मांडवीपार

+१. आणि मंडपातलं अर्थिंग! गुणगुण येते म्हणून प्लगची जाडी पिन काढून टाकणारे महाभाग अजून आहेत. एका हातात गिटारच्या तारा, ओठ माइकला आणि दोन्ही वेगवेगळ्या फेजच्या पॉइंटवर, त्यात पावसाने भिजलेली जमीन. गुणगुण घालवायची असेल तर डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. प्लगला हात लावू नका. मंडपवाल्याला आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते विचारा, तो वैतागला तरी चालेल.

कुशावतीकाठी

आमच्याकडे केप्यात पावसाळ्यात जॅकवर हिरवट थर येतो, खरखर सुरू होते आणि सूर ओळखणारी पेडलं त्या खरखरीवरही काहीबाही गातात. जूनआधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात ठेवते. दर महिन्याला पुड्या उन्हात वाळवायच्या, ऊन असलं तर.

जाता जाता: एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'नवंकोरं' म्हणून घेतलेल्या पेडलमध्ये कोणाचे तरी जुने सेटिंग आणि एक मेलेली मुंगी निघाली होती. घेताना खोकं विक्रेत्यासमोर किंवा व्हिडिओ काढत उघडा.

उसळ_पाव

मुंगीचा आवाज कुठल्या बँकमध्ये होता?

कुशावतीकाठी

एसएफएक्स, साउंड इफेक्टवाल्या.

तारेवरचा_फोंडेकर

:ड

बरं, आता खरेदीकडे येतो. पॅड आणि स्ट्रिंग्ज मुख्य, कधीतरी ऑर्गन, एखाद्या गाण्याला बासरीसारखं काही. एसवाय-१ घेऊ की मेल-९?

पडद्यामागचा

बासरी आणि व्हायोलिन हवंच असेल तर मेल-९. ते मेलोट्रॉनची आठवण करून देतं, म्हणजे १९६०च्या दशकातलं ते वाद्य ज्याच्या प्रत्येक पट्टीखाली खऱ्या वाद्याच्या ध्वनिमुद्रणाची टेपची पट्टी असे आणि आठेक सेकंदांत ती संपे. त्यामुळे आवाज जरा धुरकट, जुनाट, आणि म्हणूनच गोड. पण नऊच आवाज. लग्नात 'सगळं' लागतं, तिथे कमी पडेल.

रियाज_रविवारी

तुमच्या कामाला एसवाय-१. अकरा प्रकार, प्रत्येकाचे अकरा उपप्रकार, म्हणजे १२१ आवाज. त्यातले शंभर तुम्ही कधीच वापरणार नाही, पण पॅड, स्ट्रिंग्ज, ऑर्गन तिन्ही एकाच पेटीत आहेत. एकच त्रास, पाठ करून ठेवायला मेमरी नाही. दोन गाण्यांच्या मध्ये वाकून बटणं फिरवावी लागतात आणि अंधारात ती दिसत नाहीत. लागणाऱ्या जागांवर मुलांच्या नखांच्या चमकत्या रंगाचे ठिपके द्या.

सुरुवातीला असं ठेवा: प्रकार पॅड, सिंथचा आवाज दोन वाजताच्या काट्यावर, मूळ गिटार दहाच्या. मूळ गिटार पूर्ण बंद करू नका. पॅड हळू उगवतो, त्यामुळे तो उशीर कोणाला कळतच नाही, आणि सूर लागल्याची पहिली टोच गिटार देते. लीड वाजवताना मात्र उलट, तिथे उशीर लपत नाही, म्हणून लीड वरच्या तीन तारांवरच. मींड घ्या, बिनधास्त घ्या, कीबोर्डवाल्याला ती पिचच्या चाकाशिवाय जमत नाही.

तारेवरचा_फोंडेकर

मस्त. मग एसवाय-१च. जुनं चांगलं कोणाकडे असेल तर व्यनि करा, फोंडा ते पणजी कुठेही येईन. खोकं समोर उघडू, मुंगीसकट.

सां_पेद्रूची_सायकल

जुन्यातलं घेताना दोन गोष्टी बघा. इनपुट जॅक हलवून खरखर येते का, आणि मागचा गिटार-बेसचा स्विच बरोबर गिटारवर आहे ना. तो बेसवर राहिला की लोकांना वाटतं पेडल बिघडलंय, आणि स्वस्तात देऊन टाकतात. अशा लोकांचे पत्ते मला कळवा.